नाशिकहून बंगळूर: सगळा संसार न्यायचा की निम्मा विकून जायचं?

गोदाकाठची | १४ एप्रिल, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.
यांची बदली बंगळूरला झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई (वय ७४) आणि यंदा आठवीत जाणारी लेक. शिवाय एक बोका, नाव पेशवा.
सामान म्हणजे १९ वर्षांचा संसार. दोन गोदरेजची कपाटं, डबल डोअर फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, सागवानी डायनिंग टेबल, लेकीच्या खोलीतलं मॉड्युलर फर्निचर, पुस्तकं, चौदा बरण्या, पाटा-वरवंटा, स्कूटर, २०१९ ची गाडी. आणि सासूबाईंचा झोपाळा. शिसवी पाट, पितळी कड्या, पंचवटीतला वाडा पाडला तेव्हा तेवढाच घरी आणलेला.
हे म्हणतात, सगळं विकून टाकू, तिकडे नवं घेऊ. सासूबाई म्हणतात, "मग मलाही विका." मी दोघांच्या मध्ये उभी आहे.
पॅकर्सवाल्यांची तीन कोटेशनं आली: ३८ हजार, ५५ हजार आणि ७२ हजार. सामान तेच, अंतर तेच. एवढा फरक कसा? आणि मूळ प्रश्न: काय न्यावं, काय सोडावं?

मिसळवाला_१५ | १४ एप्रिल, रात्री ९.५२
पेशव्यांच्या कर्नाटक मोहिमेला शुभेच्छा. तिकडे मिसळ मिळत नाही, एवढं लक्षात ठेवून निर्णय घ्या. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

बदलीबहाद्दर | १४ एप्रिल, रात्री १०.३०
ताई, बँकेत ३४ वर्षं काढली, नऊ बदल्या झाल्या, त्यातल्या चार परराज्यात. काय न्यायचं ते किमतीवर ठरवू नका. एक साधी परीक्षा आहे: वस्तू सोडवून पुन्हा जोडता येते का?
लोखंडी कपाट शंभर वेळा हलवा, काही होत नाही. सागवानी टेबलाचे पाय काढले की ते आडवं जातं, तिकडे पुन्हा उभं राहतं. तुमचं ते मॉड्युलर प्रकरण मात्र भुशाच्या पाट्यांचं असणार. त्यातला स्क्रू एकदा काढला की भोकं सैल होतात, दुसऱ्यांदा घट्ट बसतच नाहीत. ट्रकमध्ये दोन दिवस हादरे खाल्ले की कोपरे फुटतात. आमच्या सूनबाईंनी हौसेने असलं कपाट हैदराबादला नेलं. आता त्याचं दार उघडायचं तर एकाने कपाट धरावं लागतं. ते इथेच विका, येईल ती किंमत घ्या.
बरण्या न्या, रिकाम्या. लोणचं, तेल, फिनेल, काहीही पातळ ट्रकात देऊ नका. एक बरणी फुटली की दहा खोक्यांना वास.
आणि कपाटाच्या लॉकरमध्ये काही राहिलं नाही ना ते तीनदा बघा. कागदपत्रं आणि दागिने तुमच्या हातात. ट्रकात नाहीत, म्हणजे नाहीत.

टिचभर | १४ एप्रिल, रात्री ११.०५
काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत. मी पाच वर्षांत तीन शहरं बदलली. दर वेळी सगळं विकलं, दोन बॅगा घेऊन गेलो. बंगळुरात पलंगापासून फ्रिजपर्यंत सगळं महिन्याच्या भाड्याने मिळतं. ५५ हजार ट्रकवाल्याला देण्यापेक्षा त्यात दोन वर्षांचं भाडं निघेल. वस्तूंना चिकटू नये.

फौजीण | १५ एप्रिल, सकाळी ७.१५
टिचभर, लग्न झालंय का हो तुमचं? सहज विचारलं.
२३ वर्षांत १४ घरं झाली आमची. जोरहाटहून जैसलमेर, तिथून बेळगाव. आर्मीवाल्यांच्या घरी काळ्या पेट्या असतात, बघितल्या असतील. काळा रंग, वर पांढऱ्या अक्षरात नाव आणि नंबर. त्या आम्ही कधी टाकत नाही. दोन पेट्या शेजारी ठेवून वर गादी टाकली की दिवाण, एकीवर टेबलक्लॉथ टाकला की टीपॉय. नवीन लग्न झालेल्या मुलींना आम्ही सांगायचो, खरेदीला जाताना पेटीचं माप पर्समध्ये ठेव. पेटीत मावत नाही ते घ्यायचंच नाही.
माझी पद्धत अशी. प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि एका वहीत त्या नंबरासमोर आत काय आहे ते. खोक्यावर "काच" किंवा "भांडी" लिहा, पण "चांदीची भांडी" कधी लिहू नका. :) एक खोकं "पहिल्या दिवसाचं": चहा-साखर, एक पातेलं, चाकू, बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, टॉवेल, चादरी, झाडू, डासांची कॉइल. ते सगळ्यात शेवटी ट्रकात चढवायचं, म्हणजे सगळ्यात आधी उतरतं.
झोपाळा न्या. यावर चर्चा नको.

हिशेबनीस | १५ एप्रिल, सकाळी ११.२०
कोटेशनबद्दल. ३८, ५५ आणि ७२ मधला फरक बहुतेक असा असतो. ३८ वाला तुमचं सामान दुसऱ्या दोन-तीन घरांच्या सामानाबरोबर एका ट्रकात टाकणार. तो ट्रक भरेपर्यंत सामान गोदामात पडून राहणार, वाटेत एकदा गाडी बदलणार, म्हणजे जास्तीची उतरवाचढव. ५५ वाल्याचा बहुधा १७ फुटी ट्रक तुमच्या एकट्यासाठी. ७२ वाला बंद कंटेनर आणि दोन्हीकडचे हमाल धरून सांगत असेल. तिघांनाही हे पाच प्रश्न लेखी विचारा: ट्रक एकट्याचा का? बंद बॉडी की ताडपत्री? मजले चढवण्याचे पैसे यात आहेत का? जीएसटी धरून का? विमा धरून का? जूनमध्ये निघताय, घाटात पाऊस असणार, तेव्हा बंद बॉडीच घ्या.
तारीख महिन्याच्या मधली आणि शनिवार-रविवार सोडून धरली तर दर उतरतो. महिनाअखेरीला सगळ्या भाडेकरूंची एकदम धांदल असते.
आता फसवणुकीबद्दल. माझ्या मेहुण्याने नेटवरची सगळ्यात स्वस्त पार्टी धरली. नाव एका मोठ्या कंपनीसारखंच, फक्त एक अक्षर वेगळं. आगाऊ पाच हजार दिले. सामान ट्रकात चढलं, ट्रक हलला आणि हुबळीच्या अलीकडे फोन आला: "सामान जास्त निघालं, अजून २८ हजार टाका, नाहीतर इथेच उतरवतो." संसार त्याच्या ताब्यात, करता काय? दिले. म्हणून घरी येऊन, सामान बघून, यादी करून कोटेशन देणाराच धरा. फोनवर "टू बीएचके आहे ना, हो जाएगा" म्हणणारा नको. पैसे तीन टप्प्यांत: थोडे आधी, थोडे चढवल्यावर, उरलेले उतरवल्यावर. ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल आणि बिल्टी (माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती) हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका.
अवांतर: जुन्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद) लागत नाही. "ई-वे बिलाचे वेगळे १५०० द्या" म्हणणारा भेटला तर हसून सोडून द्या. यादी आणि बिल्टी ड्रायव्हरजवळ असली की झालं.

गोदाकाठची | १५ एप्रिल, दुपारी २.१०
बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार. फौजीणताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "शहाणी बाई आहे" असा शेरा मिळाला.
हिशेबनीस, विम्याचं काय करू? ५५ वाला म्हणतोय की सामानाची किंमत सांगा, तिच्यावर तीन टक्के भरा, मग काळजी नाही.

हिशेबनीस | १५ एप्रिल, दुपारी ३.००
त्याला एकच विचारा: "पॉलिसी माझ्या नावाची मिळेल का?" विमा कंपनीची, तुमच्या नावाची पॉलिसी नसेल तर ते तीन टक्के म्हणजे त्याच्या खिशातली दक्षिणा. किंमत सांगताना वस्तूनिहाय यादी द्या. आणि उतरवल्यावर तो "साब, साइन कर दो" म्हणत कागद पुढे करील, त्यावर सही करायच्या आधी जे फुटलंय ते त्याच कागदावर लिहा. निघायच्या आधीचे आणि उतरवतानाचे, दोन्ही फोटो ठेवा. "सगळं ठीक मिळालं" यावर सही गेली की दावा संपला.

अर्धाकप | १५ एप्रिल, दुपारी ४.२५
वॉशिंग मशीन फ्रंट लोड आहे म्हणालात. मागे ट्रान्झिट बोल्ट लावायचे असतात. नवीन मशीन बसवताना मेकॅनिक ते काढून पिशवीत देतो आणि आपण ती पिशवी कुठेतरी टाकतो. ते न लावता मशीन हजार किलोमीटर नेलं तर आतला ड्रम हिंदकळून कामातून जातो. पोटमाळ्यावर शोधा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवा. तिकडे उभा केल्यावर काही तास थांबून मगच चालू करा. एसी असेल तर काढणाऱ्याला सांगा, गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घे, सोडून देऊ नकोस.

भटकभवानी | १५ एप्रिल, संध्या. ६.००
ड्रममध्ये उशा कोंबून न्याव्यात, जागा वाचते असं ऐकलंय.

अर्धाकप | १५ एप्रिल, संध्या. ६.०४
ज्याच्याकडून ऐकलंत, त्याच्या मशीनचा आवाज ऐकलाय का?

जुनाखोड | १५ एप्रिल, रात्री ८.४५
नाशिकहून बंगळूर म्हटल्यावर राहवलं नाही. मराठी माणसाने बंगळुरात बिऱ्हाड नेण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी तिथले राजे केंपेगौडा यांच्याकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजीही काही काळ तिथे होते. तेव्हा ताईंनी परमुलखात चाललोय असं मनात आणू नये.

मिसळवाला_१५ | १५ एप्रिल, रात्री ८.५०
राजांनी डिपॉझिट किती दिलं होतं?

पमाक्का | १५ एप्रिल, रात्री १०.१५
डिपॉझिटचा विषय निघालाच आहे तर बोलते. २१ वर्षं बंगळुरात आहे. मूळची सातारची, पण इथे शेजारणींनी पमाक्का केलं.
गोदाकाठची, पहिला धक्का तोच बसेल. नाशकात दोन महिन्यांचं डिपॉझिट देऊन सवय. इथे पूर्वी दहा महिन्यांचं सर्रास मागायचे, अजूनही पाच-सहा महिन्यांचं मागणारे भरपूर भेटतील. घासाघीस करा, चालते. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, ते करारात आधीच वाचून घ्या. ट्रकचे पैसे त्यापुढे चिल्लर वाटतील, म्हणून हाताशी रोख ठेवा. टिचभर म्हणतायत तसं सगळं विकून इथे नवं घ्यायचं, तर डिपॉझिट, शाळेची फी आणि नवं सामान तिन्ही एकाच महिन्यात अंगावर येतील.
घर बघताना हॉल किती मोठा ते नंतर. आधी पाणी विचारा. कावेरीचं येतं का, बोअरचं आहे की टँकरचं? २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा मोठमोठ्या सोसायट्यांत पाण्याची रेशनिंग झाली होती. बोअरचं पाणी जड असतं, नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, डाळ शिजत नाही. त्या तोट्या बघा, मालकापेक्षा खरं बोलतात.
सोसायटीला सामान येण्याची तारीख आधी कळवा. बऱ्याच ठिकाणी रविवारी सामान चढवू देत नाहीत, सर्व्हिस लिफ्टची वेळ ठरवून देतात आणि मूव्ह-इनचे पैसे घेतात. मोठ्या ट्रकला दिवसा शहरात बंदी असते. पॅकर्सवाल्याला विचारा, तो पहाटे आणणार की बाहेर लहान टेम्पोत उतरवणार? टेम्पोत उतरवणार असेल तर ते पैसे कोणाचे?
आणि उन्हाळ्यासाठी कूलर आणू नका, लागत नाही. नाशिकपेक्षाही हवा बरी आहे हो इथली. (आता मिसळवाले भांडायला येतील.)

मिसळवाला_१५ | १५ एप्रिल, रात्री १०.२२
हवेचं ठीक आहे, द्राक्षांबद्दल बोलला असतात तर सोडलं नसतं.

टिचभर | १६ एप्रिल, सकाळी ९.३०
अक्का, डिपॉझिटचा मुद्दा मान्य. एकट्याचं गणित वेगळं आणि चौघांचं वेगळं. पण मॉड्युलर फर्निचर, गाद्या आणि इन्व्हर्टरची बॅटरी तरी इथेच विका. ती बॅटरी बरेच पॅकर्सवाले घेतही नाहीत. आणि फौजीण ताई, नाही झालं अजून. :)

फौजीण | १६ एप्रिल, सकाळी ९.४१
वाटलंच.

विद्यार्थीप्रिय | १६ एप्रिल, दुपारी १२.१०
शाळेबद्दल कोणी बोललं नाही. मुलगी आठवीत जातेय ना? राज्य मंडळातून सीबीएसईत जायचं असेल तर हेच वर्ष बरं. सीबीएसईची बोर्डाकडची नोंदणी नववीत होते, त्यानंतर मंडळ बदलणं जिकिरीचं होत जातं. शाळा सोडल्याचा दाखला घ्याल त्यावर इथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा, परराज्यात ती मागतात. मे महिन्यात शाळेचं कार्यालय अर्धवेळ चालतं, तेव्हा निकाल लागला की त्याच आठवड्यात उरका.
आणि कन्नड. २०१५ च्या कायद्यानंतर तिथल्या सीबीएसई शाळांतही कन्नड शिकवावं लागतं. आठवीतल्या मुलीला एकदम नवी लिपी म्हणजे अन्याय आहे, स्पष्ट बोलतो.

जुनाखोड | १६ एप्रिल, दुपारी १२.४०
अन्याय? आपण २०२० मध्ये सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा इथेच पेढे वाटले होते. धागे काढून बघा. त्यांनी केलं की अन्याय आणि आपण केलं तर अस्मिता?

विद्यार्थीप्रिय | १६ एप्रिल, दुपारी १२.५५
मी पेढे वाटले नव्हते. मी वयाबद्दल बोलतोय. पहिलीतलं मूल शिकतं, तेरा वर्षांच्या पोरीला जड जातं.

पमाक्का | १६ एप्रिल, दुपारी १.३०
भांडू नका. माझा मुलगा सहावीत असताना शून्यातून शिकला. लिपी गोल गोल आहे, जिलेबी म्हणून हसला, दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचायला लागला. मराठी येत असेल तर अर्धं काम झालेलं असतं. अक्का, अण्णा, तूप, किती शब्द सारखे! शाळेबाहेर तर शिकावीच लागते. रिक्षावाल्याशी "स्वल्प कडिमे माडी" (थोडं कमी करा) एवढं बोललात तरी वीस रुपये वाचतात. सासूबाईंना आधी शिकवा, भाजीवाली त्यांचीच मैत्रीण होणार आहे.

हिशेबनीस | १६ एप्रिल, दुपारी ४.००
गॅस आणि गाडीचं राहिलं.
गॅस सिलिंडर ट्रकात चालत नाही, भरलेला नाही आणि रिकामाही नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घ्या, ते तिकडे दाखवून नवं कनेक्शन घ्या. गंमत अशी की परत मिळतात ते तुमच्या जुन्या व्हाउचरवर छापलेले पैसे. तिकडे भरायचे ते आजच्या दराने. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट २२०० रुपये आणि रेग्युलेटरचं २५० आहे. १९ वर्षांपूर्वीचं कनेक्शन असेल तर फरक बघून डोळे पांढरे करू नका. पाइप गॅसची सोसायटी मिळाली तर हा प्रश्नच मिटला.
गाडीचं असं: परराज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथली नोंदणी लागते. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र (फॉर्म २८). कर्ज असेल तर आधी बँकेची. तिकडे गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा, मग इथल्या भरलेल्या टॅक्समधला उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. कर्नाटकातला रोड टॅक्स देशात चढा समजला जातो, तेव्हा हे खर्चात धरा. पुन्हा बदली होणार असेल आणि यांच्या कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असतील, तर बीएच, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या 'भारत' मालिकेच्या नंबरचा विचार करा. जुन्या गाडीलाही तो घेता येतो.
वाहन परवाना देशभर चालतो, तो बदलायची घाई नको. मतदार यादीत पत्ता बदलायला आता फॉर्म ८.

बदलीबहाद्दर | १६ एप्रिल, सायं. ५.२०
स्कूटर ट्रकात टाका, पण पेट्रोल काढून. आरशांचे दांडे आधी सोडवा, मी दोनदा विसरलो आणि दोनदा नवे घेतले.

भटकभवानी | १६ एप्रिल, सायं. ७.००
पेशव्यांच्या प्रवासाची कोणालाच काळजी नाही?? मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस आहे, नगर-दौंड-सोलापूर मार्गे बंगळूर. फर्स्ट एसीचा कूपे (दोन बर्थची खोली) किंवा अख्खी केबिन आपल्या नावावर असेल तर मांजर सोबत नेता येतं, पार्सल ऑफिसात पैसे भरून पावती घ्यायची. लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला ठेवा. निघण्यापूर्वी पाच-सहा तास पोटभर खायला घालू नका. आणि नव्या घरात पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, त्याची जुनी, न धुतलेली चादर टाकून. मांजर घराला ओळखतं वासाने.

गोदाकाठची | १६ एप्रिल, रात्री ९.३०
तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं अर्धं बिऱ्हाड बांधून दिलंत. ठरलं ते असं: मॉड्युलर, गाद्या, बॅटरी विकायची. कपाटं, टेबल, बरण्या, पाटा-वरवंटा, पुस्तकं न्यायची. हे गाडी चालवत जाणार, आम्ही तिघी आणि पेशवा रेल्वेने. ट्रान्झिट बोल्ट सापडले! दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यात होते.
झोपाळ्याचं अजून अडलंय. भाड्याच्या घरात मालक छताला भोकं पाडू देईल का?

बदलीबहाद्दर | १६ एप्रिल, रात्री १०.००
ताई, इथे मी जरा कठोर बोलतो. वाड्यातल्या तुळईचा झोपाळा फ्लॅटमध्ये केविलवाणा दिसतो. आईचा होता म्हणून मीही नेला होता. तीन घरं तो पलंगाखाली पडून होता, शेवटी भाच्याला दिला. त्याच्या अंगणात लागला, त्या दिवशी बरं वाटलं. लांबच्या घरात न लागलेल्या वस्तूपेक्षा जवळच्याच्या घरात लागलेली बरी.

फौजीण | १६ एप्रिल, रात्री १०.१२
काका, झोपाळा आईंचा होता, पण त्या तेव्हा नव्हत्या. इथे सासूबाई आहेत आणि त्या रोज दुपारी त्यावर बसतात. ७४ व्या वर्षी गाव सुटतंय, भाषा सुटतेय, मैत्रिणी सुटतायत. निदान ढुंगण टेकायला ओळखीची जागा असू द्या की. (शब्दाबद्दल क्षमस्व, पण दुसरा सुचला नाही.)

पमाक्का | १६ एप्रिल, रात्री १०.४०
छताला भोकं पाडायची गरजच नाही. चार पायांचा लोखंडी स्टँड करून घ्यायचा. इथे अर्ध्या घरांत झोपाळा असतो, "उय्याले" म्हणतात, सासूबाईंना परकं वाटणार नाही. पाट गोधड्यांत बांधून, वर पुठ्ठा, उभा ठेवून पाठवा. कड्या वेगळ्या बांधा, पाटाबरोबर बांधल्या तर ओरखडे पडतील.

जुनाखोड | १६ एप्रिल, रात्री १०.५५
पमाक्कांना अनुमोदन. आणि वाखूसा (वाचनखूण साठवली), माझ्या धाकट्याची बदली चेन्नईला व्हायची चिन्हं आहेत.

*

गोदाकाठची | २१ जून, रात्री ११.१५
मंडळी, धागा वर आणतेय. पोहोचलो. पंधरा दिवस झाले.
हिशेबनीस, ५५ वाल्याने घरी येऊन सामान बघितलं, लेखी उत्तरं दिली, त्यालाच धरला. ट्रक तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आला. फुटलं ते एवढंच: दोन बरण्या आणि देव्हाऱ्याचा एक कळस. कागदावर लिहून मगच सही केली, हमाल माझ्याकडे बघतच राहिला. मशीन उत्तम चालतंय. पेशवा दोन दिवस गोदरेजच्या मागे होता, आता गॅलरीतून कबुतरांना मराठीत शिव्या देतो.
पण खरी गोष्ट पुढे आहे.
सामान मोजलं, झोपाळ्याचा पाट आला, कड्या नाहीत. फौजीणताईंच्या वहीत खोकं नंबर ३१, "कड्या" असं लिहिलेलं. ३१ उघडलं तर आत जुनी वर्तमानपत्रं आणि एक उशी. हे तापले. पॅकर्सवाल्याला फोन, ड्रायव्हरला फोन, तुम्ही पितळ विकलंत वगैरे. तो बिचारा शपथा घेतोय. दोन दिवस हा तमाशा. पोलिसांत जायची भाषा झाली.
आता जरा मागे जाते. मनमाड स्टेशनवर सासूबाईंची एक पिशवी होती, ती त्या हातातून सोडेनात. हमालाने उचलली तर म्हणाला, "आजी, दगड भरलेत का?" त्या म्हणाल्या, "लोणचं आहे, आडवं करू नको." रात्रभर ती पिशवी बर्थवर पायाशी. मी म्हटलं खाली ठेवा, तर म्हणे वास लागेल.
तिसऱ्या दिवशी लेकीला पोळीबरोबर लोणचं हवं झालं. ती सरळ जाऊन पिशवीत हात घालते तर आत सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या चारही कड्या, आकड्यांसकट! निघायच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर खोकं उघडून काढल्या होत्या, आणि खोकं रिकामं वाटू नये म्हणून उशी भरली होती.
हे म्हणाले, "आई, दोन दिवस मी त्या माणसाशी भांडतोय, तू समोर बसून ऐकतेयस!" तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठे मला? मी म्हटलं आणखीही काही हरवलं असेल."
यांनी पॅकर्सवाल्याला फोन करून माफी मागितली आणि ठरल्यापेक्षा हजार रुपये जास्त पाठवले. आता पाट दोन खोक्यांवर ठेवलाय, सासूबाई त्यावर बसतात, पाय हलवतात, पण झोका नाही.
पमाक्का, तो लोखंडी स्टँड करणारा कोणी आहे का हो व्हाइटफील्डच्या बाजूला?

बदलीबहाद्दर | २१ जून, रात्री ११.३०
झोपाळ्याबद्दलचा माझा प्रतिसाद मागे घेतो. आईंना नमस्कार सांगा.

मिसळवाला_१५ | २१ जून, रात्री ११.३२
"लोणचं आहे, आडवं करू नको." हे आता आमच्या घरात कायमचं.

पमाक्का | २१ जून, रात्री ११.५०
आहे. व्हाइटफील्डलाच आहे, नंबर व्यक्तिगत निरोपात टाकलाय. त्याला कन्नड आणि तमिळच येतं, तेव्हा मी रविवारी येते सोबत. सासूबाईंना म्हणावं, खरं लोणचं असेल तर काढून ठेवा.